संघ आणि तालीम : क्रीडासंस्थांच्या तुलनेतील एक अर्थप्रश्न

अमेरिकेतील क्रीडाप्रेमी मंडळींना एक छंद आहे. शाळांच्या धावण्याच्या संघांना ते महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या उपमा देतात. अमुक शाळा म्हणजे क्रॉसकंट्रीमधील यूसीएलए, तमुक शाळा म्हणजे क्रॉसकंट्रीमधील केंटकी, अशी वाक्ये तेथे सहज बोलली जातात आणि ऐकणाऱ्याला ती तत्काळ उमगतात. वरवर पाहता ही तुलना विलक्षण आहे. एक खेळ बंदिस्त सभागृहात, लाकडी तक्तपोशीवर, उंच्यापुऱ्या पाच गड्यांचा. दुसरा उघड्या माळावर, चढउतारांवर, सडपातळ पोरांचा. एकात चेंडू आहे, दुसऱ्यात काहीच नाही. असे असता एकाचे नाव दुसऱ्याला कशाच्या आधारावर लावले जाते, आणि ते वाक्य मराठीत आणताना नेमके काय हातून निसटते, हा प्रश्न अर्थविचाराच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

प्रथम वाक्याची घडण पाहू. ‘यॉर्क ही शालेय धावण्यातील यूसीएलए होय’ या वाक्यात उपमेय आहे, उपमान आहे. परंतु साधारण धर्म सांगितलेला नाही. आपल्या आलंकारिकांच्या परिभाषेत येथे धर्मलोप झालेला आहे. मात्र ‘मुख चंद्र आहे’ या रूपकाहून येथे एक घटक अधिक आहे. तो म्हणजे ‘शालेय धावण्यातील’ हे पद. हे पद काढून घेतले तर वाक्य केवळ खोटे ठरते. ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात या प्रकाराची नोंद घेतली आहे. चषकाचे जे नाते डायोनिससशी, तेच ढालीचे अरेसशी. म्हणून ढालीला ‘अरेसचा चषक’ म्हणता येते, असे तो सांगतो. हे साम्य दोन वस्तूंमधले नसून दोन नात्यांमधले आहे. आपणही गोदावरीला ‘दक्षिण गंगा’ आणि पुण्याला ‘पूर्वेचे ऑक्सफर्ड’ म्हणतो ते याच नियमाने. गोदावरीचे पाणी गंगेसारखे आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. उत्तरेत गंगेचे जे स्थान, ते दक्षिणेत गोदावरीचे, एवढेच सांगावयाचे असते.

तेव्हा या तुलनेचा उलगडा करावयाचा तर ‘स्थान’ कशाने ठरते, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी दोन्ही बाजूंची थोडी हकीकत देणे भाग आहे.

यूसीएलए म्हणजे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ. जॉन वुडन हे 1948 ते 1975 या काळात तेथे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. 1964 ते 1975 या बारा वर्षांत त्यांच्या संघाने दहा वेळा राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळविले. त्यांपैकी 1967 ते 1973 ही सात वर्षे सलग होती. यॉर्क ही इलिनॉय राज्यातील एल्महर्स्ट गावची सार्वजनिक शाळा. तेथे जो न्यूटन यांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळ मुलांना धावावयास शिकविले. ते 2016 साली निवृत्त झाले, तोवर शाळेच्या मुलांच्या संघाने त्यांच्या हाताखाली क्रॉसकंट्रीची राज्य अजिंक्यपदे 28 वेळा जिंकली होती.

या आकड्यांवरून ‘पुष्कळ विजय’ हाच साधारण धर्म आहे, असे वाटेल. ते पुरेसे नाही. एकच धावपटू वीस वर्षे सर्व शर्यती जिंकत राहिला, तर त्याला कोणी यूसीएलए म्हणणार नाही. शाळेत आणि महाविद्यालयात खेळाडू चार वर्षांपेक्षा अधिक टिकत नाही. म्हणजे चार वर्षांनी संघातील प्रत्येक माणूस बदललेला असतो, आणि तरीही नाव तेच, गणवेश तोच, जिंकण्याची सवयही तीच. जे टिकते ते माणसांच्या पलीकडचे असते. साधारण धर्म हा आहे : घटक सतत बदलत असता गुणाचे न बदलणे. व्यावसायिक संघांची उपमा शाळांना इतकी चपखल बसत नाही, याचे कारणही हेच. तेथे खेळाडूला निघून जाण्याची तिथी ठरलेली नसते.

क्रॉसकंट्रीची गुणपद्धती येथे जाणून घेण्यासारखी आहे. संघातून सात जण धावतात. पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवले जातात. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ विजयी. पहिले पाचही क्रमांक एकाच संघाला मिळाले तर बेरीज 15 होते, आणि त्याहून कमी होऊच शकत नाही. यामुळे एका असामान्य धावपटूने संघ जिंकत नाही. तो पहिला आला काय किंवा चौथा आला काय, बेरजेत फरक तिघांचा. पाचवा गडी मात्र विसावा न येता साठावा आला तर एकदम चाळिसांची भर पडते. म्हणून धावणाऱ्या शाळेची खरी कसोटी तिच्या पाचव्या मुलावर होते. (बास्केटबॉलमध्येही पाचच खेळाडू असतात, हा निव्वळ योगायोग होय, त्यावर काही उभारू नये.)

इथवर उपमा ठीक चालते. ती अडखळते ती खेळाडू येतात कोठून, या प्रश्नापाशी. करीम अब्दुल जब्बार या नावाने पुढे जगविख्यात झालेला खेळाडू, त्या वेळचा ल्यू अल्सिंडॉर, न्यूयॉर्कच्या शाळेतून सबंध खंड ओलांडून लॉस एंजेलिसला गेला, आणि 1967, 1968 व 1969 अशी तीन अजिंक्यपदे त्या विद्यापीठाला लाभली. महाविद्यालय देशभर माणसे धाडून मुले हेरते, शिष्यवृत्ती देते, वेचून आणते. यॉर्कसारखी सार्वजनिक शाळा असे करीत नाही. तिच्या हद्दीत ज्यांची घरे आहेत त्यांचीच मुले तिच्याकडे येतात. त्यांतूनच तिला पाचवा गडी घडवावा लागतो. म्हणजे एकीचे यश निवडीचे आणि शिकवणुकीचे, दुसरीचे जवळजवळ केवळ शिकवणुकीचे. ‘शालेय धावण्यातील यूसीएलए’ असे म्हणताना शाळेचा गौरव करण्याचा हेतू असतो. पण तिच्या गौरवाचा जो खास भाग, तोच या उपमेने झाकला जातो. उपमान थोर असले की उपमेयाचे वेगळेपण गिळून टाकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता मराठीकडे वळू. इंग्रजीत या संदर्भात दोन शब्द आहेत : टीम आणि प्रोग्रॅम. टीम म्हणजे या वर्षी मैदानात उतरलेले खेळाडू. प्रोग्रॅम म्हणजे प्रशिक्षक, शिस्त, मैदान, जुने विद्यार्थी, येणाऱ्या मुलांची रांग, या सर्वांसह वर्षानुवर्षे चालणारी व्यवस्था. तुलना टीमची नसते, प्रोग्रॅमची असते. मराठी वृत्तपत्रे दोहोंना ‘संघ’ म्हणतात, आणि तेथेच घोटाळा होतो. ‘कार्यक्रम’ हा शब्दशः पर्याय तर हास्यास्पदच; ‘यूसीएलएचा बास्केटबॉल कार्यक्रम’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे नारळ, हारतुरे आणि पाहुण्यांचे भाषण उभे राहते. ‘संघ’ या शब्दाचा मूळ आवाका लहान नव्हता. बौद्ध परंपरेतील संघ भिक्षू बदलले तरी टिकून राहतोच. परंतु क्रीडाविषयक मराठीत हा शब्द मैदानावरच्या मेळाव्यापुरता आकसला आहे.

मग मराठीला ही कल्पनाच नाही काय? आहे, आणि तिच्यासाठी उत्तम शब्दही आहे. तो म्हणजे ‘तालीम’. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. मराठीत तो क्रियेवरून स्थळाकडे सरकला आणि जेथे शिकविले जाते ती वास्तू, असा अर्थ आला. स्थळावरून तो संस्थेकडे गेला. कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे उच्चारली की ऐकणाऱ्याला विटामातीच्या इमारती तेवढ्या आठवत नाहीत. खेड्यापाड्यांतून आलेली पोरे तेथे राहतात, हाताने रांधून खातात, मेहनत करतात, आणि वय झाले की जातात, तालीम राहते. मल्लाची ओळख गावाइतकीच तालमीनेही सांगितली जाते. या संस्थेचे बळ इतके की कोल्हापुरात फुटबॉल रुजला तेव्हा तोही तालमींच्या आश्रयाने रुजला; पाटाकडील तालीम मंडळासारखा फुटबॉलचा संघ कुस्तीच्या शब्दाने आपले नाव सांगतो, आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. खेळ बदलला, नाते तेच राहिले. चषकाची ढाल झाली म्हणावयाची.

तालमीचा प्रमुख तो वस्ताद. हा फारसी ‘उस्ताद’ शब्दच मराठी उच्चारात असा झाला. गायनाच्या क्षेत्रात हाच शब्द ‘उस्ताद’ राहिला, आणि तेथेही शिष्य ‘तालीम’च घेतो, मात्र तेथे संस्थावाचक शब्द ‘घराणे’ असा झाला. किराणा, ग्वाल्हेर ही घराणी गावांच्या नावांनी ओळखली जातात, गवय्ये बदलतात, गायकी टिकते. प्रोग्रॅम या शब्दात जे अभिप्रेत आहे, ते मराठीने दोन क्षेत्रांत दोन शब्दांनी पूर्वीच बोलून ठेवले आहे. पारिभाषिक कोश करणाऱ्यांनी इंग्रजी शब्दाला संस्कृत धातू शोधण्यापूर्वी शहाजीच्या तालमीत नव्हे तरी निदान आपल्या पेठेतल्या तालमीत डोकावून पाहावयास हरकत नव्हती.

शाळेचे नाव तालमीसारखे वापरले गेल्याचे मराठी उदाहरण शोधू गेल्यास ते मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये सापडते. 1988 साली हॅरिस ढाल स्पर्धेत सचिन तेंडुलकर (नाबाद 326) व विनोद कांबळी (नाबाद 349) यांनी 664 धावांची अखंड भागी केली, तेव्हापासून ‘शारदाश्रम’ हे शाळेचे नाव विशेषनाम न राहता जवळजवळ गुणवाचक झाले. पण ते नाव मोठे करणारे गृहस्थ होते रमाकांत आचरेकर. आणि त्यांच्याच सल्ल्यावरून तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात आला होता. येथे मुलगा शाळेच्या हद्दीतून येत नाही, शिकविणाऱ्याच्या ओढीने येतो. म्हणून यूसीएलए हे उपमान मराठीत उतरवावयाचे तर शारदाश्रम जवळचे. यॉर्कला ते लागू पडणार नाही.

यॉर्कला मराठीत उपमान मिळत नाही, कारण महाराष्ट्रात धावण्याची कीर्ती शाळेच्या नावे जमा होत नाही. ती गावाच्या नावे जमा होते. पी. टी. उषा ‘पय्योळी एक्स्प्रेस’ झाली, त्या धर्तीवर नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ आणि साताऱ्याकडील ललिता बाबर ‘माणदेशी एक्स्प्रेस’ झाली. पय्योळीला रेल्वे स्थानक आहे. सावरपाड्याला रूळही नाहीत. रूपकातली गाडी मागे राहिली आणि साचा तेवढा पुढे आला. या साच्याची धार कोणाला कळते? डोंबिवलीच्या अलीकडे कोपर हे लहानसे स्थानक आहे. खालून मुंबई–कल्याण मार्ग, वरून वसई–दिवा मार्ग. धिमी लोकल तेवढी तेथे थांबते. एक्स्प्रेस फलाट हादरवून निघून जाते. त्या फलाटावर रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘एक्स्प्रेस’ म्हणजे केवळ वेगवान नव्हे. आपल्यासाठी न थांबणारी, दुरून येऊन दूर जाणारी. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ या नावात हेही आहे : एकटी, आणि आपल्या गावातून सुटून गेलेली. शिकविणारा, सोबत धावणाऱ्या मुली, रोजचे मैदान, यांना त्या नावात जागा नाही.

वस्तुतः ते सारे नाशिकला होते. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचे कांस्यपदक मिळविणारी कविता राऊत, 2017 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 5,000 मीटरचे कांस्यपदक मिळविणारी संजीवनी जाधव, आणि त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरॅथॉन धावलेली मोनिका आथरे, या तिघीही नाशिक जिल्ह्याच्या आणि तिघीही विजेंदर सिंग या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या. गडी बदलले, गुण टिकला. वर सांगितलेला साधारण धर्म येथे पुरेपूर आहे. वृत्तपत्रे मात्र त्यांना ‘नाशिकच्या धावपटू’ एवढेच म्हणत राहिली. गंगावेशीसारखे, यॉर्कसारखे एक नाव, जे घेतले की पुढची मुलगीही त्यात आपोआप मोजली जावी, ते मराठीत अद्याप पडलेले नाही.