समई डगमगतेय? गोंद लावण्याआधी हे ऐका

मस्कत, सोहार, सलालाहमधल्या आणि दूरच्या देशांतून ऐकणाऱ्या सगळ्या मराठी घरांना नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांकडे आईची नाहीतर सासूबाईंची पितळी समई आहे. सुटी करून, साड्यांच्या घड्यांत गुंडाळून ती विमानाने इथे आली. दर सणाला जोडायची, पुन्हा सुटी करून ठेवायची. असं करता करता आटे झिजतात आणि एक दिवस समई कलू लागते. तेलाने भरलेली, पेटलेली समई कलली तर गालिचाही पेटू शकतो. म्हणून आज दोन ट्यूबच्या गोंदाबद्दल, म्हणजेच इपॉक्सीबद्दल बोलू या.

पहिला प्रश्न : गोंद खरंच हवा का? आटे थोडेच सैल असतील, तर नळाच्या जोडाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळा आणि समई घट्ट फिरवा. काम झालं, आणि समई पुन्हा सुटीही करता येईल. इपॉक्सी लावला की तो जोड सहज उघडणार नाही. पुढच्या वेळी बॅगेत अख्खी समई बसवावी लागेल, हे आधीच ठरवा.

आटे पार गेले असतील, तर मात्र इपॉक्सी. इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या एका कंपनीने १९४६ च्या सुमारास तो ‘ॲराल्डाइट’ या नावाने बाजारात आणला. आज आपल्याकडे कोणत्याही कंपनीचा असला, तरी अनेकजण त्याला ॲराल्डाइटच म्हणतात. एका ट्यूबमध्ये रेझिन, दुसरीत हार्डनर. फेविकॉल पाणी उडून वाळतो, तसा हा वाळत नाही. दोन्ही भाग एकत्र आले की रासायनिक क्रिया होऊन तो कडक होतो. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. बहुतेक घरगुती पॅकमध्ये दोन्ही समान घ्यायचे असतात, तरी वेष्टनावर एकदा वाचाच. ‘हार्डनर जास्त घातला की लवकर पकडेल’ हा गैरसमज आहे. उलट जोड कच्चा राहतो.

आता मुख्य गोष्ट. गोंद किती लावला यापेक्षा धातू किती स्वच्छ आहे, यावर जोडाची ताकद ठरते. समई तर वर्षानुवर्षं तेल प्यायलेली! आधी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने जोडाची जागा धुवा. जुन्या टूथब्रशने आट्यांमधलं काळं काढा. चिंच किंवा पितांबरी लावली असेल, तर तीही पूर्ण धुऊन काढा. कोरडं झालं की पॉलिश पेपरने घासा. चकचकीत पितळ्यावर गोंद नीट धरत नाही, त्याला खरखरीत जागा लागते. मग पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन पुसा, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये अनेकदा तेल मिसळलेलं असतं, तो इथे नको. ॲसिटोन भुर्रकन पेटतो : गॅस बंद, निरांजन बंद, खिडकी उघडी. पुसल्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. आपल्या बोटालाही तेल असतंच.

इथे आपल्या हवेची एक गंमत आहे. एसीत गार झालेला धातू उन्हाळ्यात मस्कतच्या बाल्कनीत नेला, की त्याला घाम फुटतो. ते दमट पाण्याचं पापुद्र्यासारखं थर गोंदाला धातूपर्यंत पोचू देत नाही. म्हणून पुसणं, कालवणं, जोडणं, सगळं एकाच खोलीत करा.

उष्णतेने क्रियाही वेगात होते. दहा अंश वाढले की हाताशी असलेला वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. कुरियात इथे जून २०१८ मध्ये एक दिवस रात्रीही पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरला नव्हता! अशा हवेत ‘पाच मिनिटांचा’ इपॉक्सी दोन मिनिटांतच दगड होईल. समईसाठी सावकाश पकडणारा प्रकार घ्या. लागेल तेवढाच, थोडाथोडा कालवा. मोठा गोळा स्वतःच्याच उष्णतेने तापतो.

हातमोजे घालून दोन्ही भागांना पातळ थर लावा, जोड फिरवून बसवा, बाहेर आलेला गोंद लगेच पुसा. समई सरळ उभी आहे ना, हे दोन बाजूंनी बघा, आणि मग चोवीस तास हात लावू नका. गुरुवारी संध्याकाळी जोडलीत, तर शुक्रवारची सुट्टी तिला द्या. कातडीला इपॉक्सी लागत राहिला तर कायमची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोज्यांचा आळस नको.

आता, कुठे लावायचा नाही? बहुतेक घरगुती इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, काही त्याआधीच. म्हणून समईच्या बैठकीच्या जोडाला चालेल, पण वातीजवळच्या तबकडीला नाही. परीक्षा सोपी आहे : समई तासभर तेवू द्या आणि जोडाला हात लावा. चटका बसला तर तिथे गोंद नको, पितळेचं काम करणाऱ्या कारागिराकडून आटे पाडून घ्या. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा धातूही ६० च्या पुढे जातो, तिथेही भरवसा नाही.

प्रेशर कुकर, गॅसचा रेग्युलेटर, गॅसची नळी यांना तर कधीच नाही. कुकरचा दांडा तुटला तर नवा दांडा बसवा. आत वाफ कोंडलेली असते, तिथे गोंदाचा प्रयोग परवडत नाही. अन्न ज्याला लागतं, त्या भांड्याच्या आतही नको.

एवढं सांभाळलंत, तर येत्या गणपतीत समई ताठ उभी राहील. पहिल्या दिवशी मात्र ती तेवत असताना कुणीतरी जवळ बसा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!