वैद्यकीय प्रतिमा आणि रुग्णाचे आकलन : ‘फोटोत निघणे’ या प्रयोगाच्या निमित्ताने

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिणेस भीमाकाठापर्यंत पसरलेला कर्जत तालुका अवर्षणप्रवण प्रदेशात मोडतो. कर्जत, राशीन, मिरजगाव या बाजाराच्या गावांतून जी मराठी कानी पडते तीत क्ष-किरणचित्रास ‘फोटो’ म्हणतात, आणि त्यावरून रोगाचे निदान झाले की तो रोग ‘फोटोत निघाला’ असे म्हणतात. हा प्रयोग केवळ कर्जतचा नव्हे. देशावर तो सर्वत्र आढळतो. परंतु वैद्यकीय प्रतिमा दाखवून रुग्णास त्याच्या व्याधीची कल्पना द्यावी, हा जो विचार अलीकडे वैद्यकक्षेत्रात बळावत आहे, त्याचे यशापयश पुष्कळ अंशी अशाच साध्या प्रयोगांवर अवलंबून आहे. चित्र दाखविले की अर्थ आपोआप पोचतो, ही समजूत भाषेच्या अभ्यासकास मान्य होण्यासारखी नाही.

विल्हेल्म रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञास ८ नोव्हेंबर १८९५ रोजी नव्या किरणांचा शोध लागला. त्यांचे स्वरूप अज्ञात असल्यामुळे बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्याने त्यांना दिले, आणि मराठी गणितात त्या अक्षराच्या जागी ‘क्ष’ रूढ असल्याने आपल्याकडे ‘क्ष-किरण’ ही संज्ञा सिद्ध झाली. पारिभाषिक संज्ञा इतक्या सहजपणे क्वचितच घडते. त्याच वर्षी २२ डिसेंबरला रंटगेनने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. स्वतःच्या बोटांची हाडे पाहून तिला मृत्यूचेच दर्शन घडल्यासारखे वाटले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, प्रतिमा पाहणारी पहिली व्यक्तीच तिचा अर्थ भलता लावून बसली, एवढे त्या आख्यायिकेत सूचित झालेले आहे.

‘क्ष-किरणचित्र’ हा शब्द ग्रंथांत राहिला आणि बोलण्यात ‘फोटो’ आला. या निवडीचे परिणाम सूक्ष्म आहेत. लग्नातल्या फोटोत माणूस जसा आहे तसा दिसतो. त्याच्या वाचनाला वेगळे शिक्षण लागत नाही. क्ष-किरणचित्र ही वस्तुतः सावली होय. हाडे किरणांना अडवितात म्हणून ती पांढरी उमटतात. फुप्फुसांत हवा असते, किरण पार जातात, म्हणून ती काळी. शिवाय छातीचे चित्र वाचताना रुग्ण समोर तोंड करून उभा आहे असे धरावयाचे असते. त्यामुळे त्याची डावी बाजू पाहणाराच्या उजवीकडे येते, आणि आरशाची सवय असलेल्या माणसास आपले हृदय भलत्या बाजूस दिसते. त्यात ‘डाग’ या शब्दाची भर पडते. कपड्यावरचा डाग काळा असतो. क्षयाने फुप्फुसात झालेली विकृती मात्र बहुधा पांढुरकी दिसते. म्हणून ‘येथे डाग आहे’ असे म्हणून डॉक्टर पांढऱ्या जागेवर बोट ठेवीत असता रुग्णाची भ्यालेली दृष्टी भोवतालच्या निरोगी काळ्या भागावर खिळून राहते. दोघेही एकच फिल्म पाहत असतात, पण दोघांचे वाचन परस्परविरुद्ध असते.

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स (१८३९–१९१४) याने चिन्हांचे जे वर्गीकरण केले त्यात साम्यावर आधारलेले चिन्ह आणि वस्तूशी प्रत्यक्ष संबंधाने जोडलेले चिन्ह यांत भेद केला आहे. धूर हा अग्नीसारखा दिसत नाही. तो अग्नीमुळे असतो. वैद्यकीय प्रतिमा प्रामुख्याने या दुसऱ्या जातीची आहे. ‘फोटो’ हा शब्द तिला पहिल्या जातीत ढकलतो. रुग्णाची अर्धी गल्लत येथेच होते.

उरलेली अर्धी क्रियापदात आहे. प्रतिमा वाचणारा तज्ज्ञ ‘दिसते’ या क्रियापदाचा आश्रय घेतो. मराठीत ‘मला दिसते’ या रचनेत पाहणारा चतुर्थीत जातो. दिसण्याचे कर्तृत्व त्याच्याकडे नसते, आणि जे दिसले ते तसेच आहे अशी हमीही तो देत नाही. ‘येथे सावली दिसते’ आणि ‘येथे गाठ आहे’ या दोन विधानांतील अंतर तज्ज्ञाच्या लेखी फार मोठे असते. रुग्ण बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतो तेव्हा मात्र ‘दिसते’ नाहीसे होऊन ‘निघाली’ येते : ‘गाठ निघाली’, ‘टीबी निघाला’, ‘शुगर निघाली’. ‘निघणे’ या क्रियापदात लपलेली वस्तू उघडकीस येणे हा भाव आहे. झडतीत चोरीचा माल निघतो, खोदताना पाणी निघते, तसाच तपासणीत रोग निघतो. संशयाला तेथे जागा उरत नाही. याच क्रियापदामुळे एक मौजेची संदिग्धताही उद्भवते. ‘खडा निघाला’ याचा अर्थ सोनोग्राफीत मूतखडा आढळला असाही होतो आणि तो लघवीवाटे पडून गेला असाही होतो. पहिल्या अर्थाने बोलणारा चिंतेत असतो, दुसऱ्या अर्थाने बोलणारा सुटलेला असतो. उलट ‘फोटोत काही निघाले नाही’ हे वाक्य दिलासा देणारे असावे; पण दुखणे चालू असलेल्या माणसास ते आपल्यावरील अविश्वासासारखे लागते. दुखणे खरे असेल तर ते निघायलाच हवे, अशी या क्रियापदाची शिकवण आहे.

सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘गॅप’ या शब्दाचे. मणक्यांच्या मधल्या चकत्या मऊ असल्यामुळे साध्या क्ष-किरणचित्रात त्या उमटत नाहीत; दोन पांढऱ्या मणक्यांमध्ये रिकामी काळसर पट्टी तेवढी दिसते. ही पट्टी असणे हे आरोग्याचे लक्षण होय. वयोमानाने चकती सुकली की पट्टी अरुंद होते, आणि डॉक्टर ‘गॅप कमी झाला आहे’ असे सांगतात. लोकव्यवहारात ‘कमी झाला’ हे शब्द गळून पडले आणि ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गॅप पडला’ असे प्रयोग रूढ झाले. भिंतीला भेग पडावी तसा गॅप पडतो! जी पोकळी घटल्याचे सांगितले ती वाढली असे ऐकले गेले. भाषांच्या सरमिसळीत अर्थ पालटतो हे सर्वज्ञात आहे. परंतु एखाद्या शब्दाचा अर्थ थेट उलटा व्हावा आणि बोलणाऱ्या दोघांच्याही ते ध्यानात येऊ नये, अशी उदाहरणे विरळा.

या विपर्यासाची किंमत मोठी आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासात पाठदुखी नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या प्रतिमांचा विचार केलेला आहे. त्यांत चकतीची झीज विशीतील सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातील सुमारे ९६ टक्के व्यक्तींत आढळते असा अंदाज निघाला. म्हणजे ही झीज बऱ्याच अंशी पिकलेल्या केसांसारखी आहे. परंतु आपली हाडे एकमेकांपासून सुटली आहेत असे चित्र मनात बसलेला माणूस वाकणे सोडतो, पट्टा बांधतो, काम टाकतो. नगर-बीडच्या या टापूतून ऊसतोडीस जाणाऱ्या मजुरांत नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात, आणि उचल त्या जोडीवर घेतलेली असते. एकाने अंथरूण धरले की ‘अर्धा कोयता’ उरतो. उचल मात्र पूर्ण फेडावयाची असते.

कर्जतच्या शेजारचा आष्टी तालुका बीड जिल्ह्यात येतो. त्या जिल्ह्यात २०१९ साली शासकीय समितीने ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली तेव्हा ८२,००० हून अधिक स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. याची कारणे अनेक आहेत : हंगामातील खाडे, पाण्याचा व आडोशाचा अभाव, खाजगी रुग्णालयांचा लोभ. त्यांच्या जोडीला भाषेचेही एक कारण नोंदले पाहिजे. बोलीत गर्भाशयास ‘पिशवी’ म्हणतात. पिशवी ही सामान ठेवण्याची वस्तू. सामान काढून झाले, पिशवी ‘खराब’ झाली, तर ती ठेवावयाची कशाला? ‘पिशवीला सूज दिसते, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितल्याची हकिकत तेथील अनेक स्त्रियांच्या तोंडून वृत्तपत्रांत आली. ज्या स्त्रीस प्रतिमा वाचता येत नाही तिला असे बोलणे खोडता येत नाही. रुग्णास समजावण्यासाठी म्हणून जी प्रतिमा दाखवावयाची, तिचाच उपयोग अशा रीतीने तिला गप्प करण्यासाठी होऊ शकतो.

गर्भाच्या सोनोग्राफीचा प्रश्न निराळा आहे, तरी त्याचा उल्लेख टाळता येत नाही. महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली केलेल्या कायद्यांनी गर्भलिंगनिदानास आळा घातला. केंद्रीय कायद्याने शब्दांनी, खुणांनी वा अन्य कोणत्याही प्रकारे लिंग कळविण्यास मनाई केली आहे. कायदा करणारास चिन्हशास्त्र इतके नेमके अवगत असल्याचे पाहून अभ्यासकास कौतुक वाटावे. पण ज्या समाजात पेढा आणि बर्फी यांतूनच मुलगा की मुलगी हे कळते, तेथे इतकी सावधगिरी आवश्यकच होती.

मग प्रतिमा दाखवूच नये काय? स्वीडनमधील प्रयोग याच्या उलट सांगतो. तेथील उत्तर भागात ३,५३२ व्यक्तींच्या मानेतील रोहिणींची ध्वनिलहरींनी तपासणी करून त्यांपैकी निम्म्यांना निष्कर्ष चित्ररूपाने कळविण्यात आला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या फलितानुसार वर्षभरानंतर त्या गटाचा हृदयविकाराचा अंदाजित धोका दुसऱ्या गटाहून कमी होता. महत्त्वाचा तपशील असा की, यंत्रातील मूळ करडी प्रतिमा त्यांना पाठविलेली नव्हती. रोहिणीचे वय दाखविणारी पट्टी आणि रहदारीच्या दिव्यांचे लाल-पिवळे-हिरवे रंग असे तिचे रूपांतर केले होते, आणि दोन ते चार आठवड्यांनी परिचारिकेने दूरध्वनीवरून चौकशी करून शंकानिरसन केले होते. अमेरिकेतील पाठदुखीवरील एका प्रयोगात, ज्याचे फलित २०२० साली आले, अहवालातच ‘असे बदल निरोगी माणसांतही आढळतात’ अशा अर्थाचा मजकूर छापला होता. सुमारे अडीच लाख रुग्णांवरील त्या प्रयोगात उपचारांचे एकूण प्रमाण त्यामुळे घटले नाही. अफूजन्य वेदनाशामकांच्या वापरात तेवढी किंचित घट दिसली. तेथे दूरध्वनी करणारी परिचारिका नव्हती.

कर्जतच्या रुग्णास अहवाल मिळतो तो इंग्रजीत, पाकिटात फिल्मसह. बोलणारे माणूस मात्र या भागात अपरिचित नाही. शेजारच्या जामखेडास १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला तेव्हा गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, आणि व्याधींचे ज्ञान शेजारणीच्या बोलीतून घरोघर गेले. आज गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत. पाकिटातील फिल्म उजेडासमोर धरून ‘मावशी, आधी ही तुमची चांगली बाजू बघा, मग दुसरी’ अशा क्रमाने ती दाखविण्याचे, ‘गॅप’ऐवजी ‘मणक्यामधली गादी झिजली’ असे म्हणण्याचे, आणि शेवटी ‘घरी गेल्यावर काय सांगाल?’ असे विचारून मावशींच्या उत्तरात ‘दिसते’ येते की ‘निघाले’ येते हे ऐकण्याचे काम त्यांना शिकविता येण्यासारखे आहे. त्यासाठी लागणारी शब्दसूची कर्जत-जामखेडच्या बोलीतूनच जमवावी लागेल. परिभाषाकोशात ती मिळणार नाही.