चाकांवरचे बिऱ्हाड मँगनीजच्या गावी

मार्गशीर्षात भाताची झोडणी उरकली, पोती घरात आली आणि आईने ताटावरच विषय काढला. "पोरगं जमिनीखाली जातंय अन् मी हितं निवांत घास गिळू व्हय? मला येकदा ती जागा दावा."

पोरगे म्हणजे माझा पुतण्या. आय.टी.आय.ला विजेचे काम शिकला आणि वर्षभरापूर्वी भंडारा जिल्ह्यात, चिखल्याच्या मँगनीज खाणीत लागला. आईचे माहेर मुळशी धरणाच्या काठचे. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला, तरी टाटांचे धरण झालेच आणि गावे पाण्याखाली गेली, हे ती आजोबांच्या तोंडून ऐकत वाढली. "धरणानं गावं गिळली, खाण माणसं गिळती," एवढे तिचे साधे गणित. त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

कोळवणपासून चिखला म्हणजे सुमारे साडेआठशे किलोमीटर. लॉजचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून घरच्या जुन्या जीपचेच बिऱ्हाड केले. मागची बाके काढून फळ्या टाकल्या, वर गादी, टपावर ताडपत्री. रॉकेलचा स्टोव्ह, कळशी, भाकरीचे पीठ आणि नातवासाठी अर्धे पोते इंद्रायणी तांदूळ. आई, मंडळी, दोन मुले आणि मी. परदेशात लोक घरासारख्या गाड्या घेऊन हिंडतात म्हणे. आमची त्यातलीच, फक्त न्हाणी नसलेली!

अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर करीत पुढे समृद्धी महामार्गाला लागलो. त्या रस्त्यावर कडेला गाडी लावून चूल मांडता येत नाही. तेव्हा पहिली रात्र महामार्गाला लागण्याआधीच एका ढाब्याच्या अंगणात काढली. मुले फळीवर, आम्ही ताडपत्रीखाली. दुसऱ्या रात्री रामटेकला धर्मशाळा मिळाली. रामटेकच्या अलीकडे मनसरला पहिली मँगनीजची खाण लागते. नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट असा हा पट्टाच आहे.

धानाच्या मुलखात

तुमसरकडे वळलो आणि मंडळींचा चेहरा खुलला. दोन्ही बाजूंना भाताचीच शेते! पण बोली वेगळी. आपण भात म्हणतो, ते धान. आपले खाचर, ती बांधी. आपली लावणी, ती रोवणी. पाण्याची तऱ्हाही निराळी. आपल्याकडे डोंगराचे पाणी वळकीतून धावत निघून जाते. इथे जुन्या लोकांनी तलाव बांधून ते अडवले. मालगुजारी गेल्यावर त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणू लागले, त्याचे लोकांनी केले 'मामा तलाव'. मामाच्या नावावर मुले फार हसली.

गोबरवाहीचे छोटे रेल्वे स्टेशन मागे टाकले आणि चिखला आले. मातीचा रंग काळसर होत गेला. इथल्या मँगनीजचा व्यवहार १८९६ साली एका इंग्रजी कंपनीने सुरू केला. १९६२ साली त्यात सरकारचा वाटा आला आणि १९७७ साली ती पूर्ण सरकारी झाली. तीच आजची मॉईल. मँगनीज घातल्याने पोलाद चिवट आणि कणखर होते. आपल्याकडच्या खडी क्रशरचे जबडे असतात ना, ते मँगनीजच्या पोलादाचे.

फाटकाबाहेर

परवानगीवाचून बाहेरच्या माणसाला खाणीत जाता येत नाही. आई फाटकाबाहेर झाडाखाली बसून राहिली. पाळी सुटली, माणसे बाहेर आली. त्यांत आमचा पोरगा. आईने आधी त्याचे हात चाचपले, मग डोके, मग पाठ. तोवर ती एक शब्द बोलली नाही.

मग प्रश्नांची सरबत्ती. पोरगा शांतपणे सांगत होता. खाली जाताना प्रत्येकाला टोपीवरचा दिवा मिळतो आणि वहीत नाव लागते. वर आल्यावर तेही नोंदतात. म्हणजे खाली किती माणसे आहेत, हे वर नेहमी ठाऊक असते. कायद्याने दिवसाला आठ तासांहून जास्त काम नाही. "अन् बायका?" आईने विचारले. पूर्वी बायकांना खाली जायला बंदीच होती. २०१९ पासून तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी मुभा मिळाली आहे.

"अन् एवढं पोखरल्यावर वरची जिमीन खाली कशी येत न्हाई?" खरा प्रश्न हा होता. तो म्हणाला, "आजी, काढलेली जागा मोकळी ठेवत नाहीत. पाण्याबरोबर वाळू पाइपातून खाली सोडतात. पाणी निथळतं, वाळू घट्ट बसते. त्या वाळूवर उभं राहून वरचा थर काढायचा, की परत वाळू."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजी काढलं की भरायचं. शेताचं दुसरं काय असतं? पीक काढलं की शेणखत भरायचं. ज्यानं भरलं न्हाई, त्याचं बसलं." भीती पुरती गेली असे मी म्हणणार नाही. परक्या मुलखात आणि जमिनीखाली, दोन्ही गोष्टी खऱ्याच. पण त्या रात्री ती पोटभर जेवली.

मुक्काम पोराच्या एका सोबत्याकडे होता. हा गृहस्थ पाळीला खाणीत आणि उरलेला वेळ बांधीत. आमची इंद्रायणी त्यांच्या चुलीवर शिजली, वासाने शेजारणी डोकावल्या. निघताना त्यांनी आमच्या पोत्यात त्यांचे धान घातले.

दुसऱ्या दिवशी डोंगरी बुजुर्गची खाण रस्त्यावरून पाहिली. ती उघडी. टेकडी कापत खाली गेलेली आणि शेजारी टाकाऊ दगडमातीचे नवे डोंगर. इथल्या मँगनीजची काळी भुकटी टॉर्चच्या कोरड्या सेलांत वापरतात, असे पोराने सांगितले.

कोणाला जायचे असेल तर सुगी आटोपल्यावर, थंडीत जावे. उन्हाळ्यात तिकडचे ऊन सोसत नाही. पाणी आणि जादा चाक सोबत ठेवावे. वाटेत रामटेक जरूर पाहावे.

परत आलो त्याला आता बरेच दिवस झाले. परवा रात्री वीज गेली, टॉर्च घेऊन मी गोठ्यात निघालो. ओटीवरून आई म्हणाली, "उगं पेटवून ठिवू नगंस. पोराच्या शेजारच्या खाणीतली माती हाय त्यात."

पोरगा लावणीला रजा काढून येतो म्हणाला आहे. आई दिवस मोजते आहे.