लेकीसाठी उन्हाळ्याचा सुती स्कर्ट

मार्च सरला की आमच्या अर्धापुरात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. मे महिन्यात नांदेडकडचा पारा ४२-४३ अंशांना जाऊन टेकतो. आणि मुलींच्या अंगावर काय, तर चकचकीत पॉलिस्टरचे फ्रॉक! मागल्या उन्हाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या थोरलीच्या कमरेभोवती घामोळ्यांचा लालभडक पट्टा उठला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. आपण राहतो कापसाच्या मुलखात. नांदेडची मलमल एके काळी नावाजलेली होती. निजामाच्या राज्यात इथं उस्मानशाही मिल उभी राहिली, ती पुढे बंद पडली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं ‘नांदेड ४४’ हे वाण १९८०च्या दशकात निघालं आणि शेतकऱ्यांच्या तोंडी बसलं. एवढं असून मुलीला घालायला घरात एक धड सुती कपडा नव्हता.

मैत्रिणींनो, मी काही शिवणातली तज्ज्ञ नव्हे. सकाळी शाळेतले तीन तास, मग घर. लग्नात आलेली माझी मशीन बारा वर्षांत उशांच्या अभ्र्यांपुढे गेली नव्हती. म्हणूनच सांगते, पहिल्यांदा शिवायचं तर ब्लाउजच्या वाटेला जाऊ नका. बाही, गळा, कटोरी यांत नवखी बाई रडकुंडीला येते. इलॅस्टिकचा सरळ स्कर्ट घ्या. लेक त्याला स्कर्ट म्हणते, सासूबाई परकरच म्हणतात.

नांदेडला वजिराबादेत जाऊन मी ३६ इंच पन्ह्याचं फिकट पिवळं सुती कापड सव्वा मीटर आणलं. (फिकट रंग घेतला ही पहिली चूक. आमच्याकडे केळीच्या बागा, आणि केळीचा चीक कपड्याला लागला की त्याचा काळपट डाग जन्मात जात नाही.) आकडेमोड अशी. लांबी हवी २० इंच. वर नेफ्याला सव्वा इंच, खाली दुमडीला अडीच इंच, म्हणजे साधारण २४ इंचांचे दोन तुकडे. कापडाचे काठ बाजूच्या शिवणीत येऊ द्यायचे, म्हणजे धागे सुटायची भीती नाही. कमर २३ इंच आणि घेर जवळजवळ ७०. पातळ कापडाला एवढ्या चुण्या शोभतात.

बाजू शिवल्या की वरची कड पाव इंच आत, मग एक इंच दुमडून टीप मारायची. दोन बोटं जागा मोकळी ठेवायला विसरू नका, तिथूनच पाऊण इंची इलॅस्टिक ओवायचं आहे. टोकाला सेफ्टी पिन लावली की ते नाडीसारखं सरकतं. इलॅस्टिक कमरेपेक्षा दोन इंच कमी, आणि टोकांवर टोक चढवायला एक इंच जास्त धरा, म्हणजे आमच्या हिशेबाने २२. आवळ झालं तर घामोळ्या पुन्हा तिथंच! टीप सुरू करताना वरचा-खालचा दोन्ही दोरे मागे ओढून धरा, नाहीतर खाली गुंता होतो. माझा तीनदा झाला.

स्कर्ट झाला. लेक गल्लीभर मिरवून आली. मग पहिलं धुणं पडलं, आणि वाळल्यावर पाहते तर दीड इंच वर! सासूबाई पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाल्या, “कापड आधी भिजवलं होतंस का गं?” नव्हतं भिजवलं. खालची दुमड उसवून काम भागवलं, पण पुढल्या वर्षासाठी ठेवलेला वाढावा पहिल्याच महिन्यात संपला. तेव्हा सव्वा नको, दीड मीटरच आणा. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, वाळवून इस्त्री करा आणि मगच कात्री हाती घ्या.

दुसऱ्या स्कर्टाला मात्र कापड विकत आणलं नाही. ट्रंकेत आईचं हिरवं सुती नऊवारी होतं. तिला जाऊन चार वर्षं झाली. अनेकदा धुतलेलं, म्हणून आटायचा प्रश्नच नव्हता, आणि हाताला असं मऊ की नव्या कापडाची काय बिशाद. पण कात्री घेऊन मी दोन दुपारी नुसती बसून राहिले. तिसऱ्या दिवशी थोरलीनंच विचारलं, “आई, आजीचं लुगडं असंच ठेवायचं का?”

उजेडात धरून पाहिलं. कासोट्याकडचा भाग विरलेला, पदराकडचा मजबूत. तिथले दोन मीटर घेतले. लुगड्याचा काठच खाली घेराला आला, त्यामुळे खालची दुमड नको आणि शिवण एकच. वाढाव्यासाठी काठाच्या वर एक इंच खोल आडवी चूण घातली. पोर उंच झाली की ती उसवायची, दोन इंच मिळतात. आपल्या आज्या परकराला असंच करत.

या स्कर्टाला काठापासून २४ इंच कापड लागलं. उरला २१ इंचांचा पट्टा, दुसऱ्या काठासकट. त्यात चार वर्षांच्या धाकटीचा बसला. पदर मात्र मी कापला नाही. तो घडी करून परत ट्रंकेत ठेवला आहे.