श्टुटगार्टमधला संसार

परदेशी स्थायिक होण्याविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्यात थंडी, जेवण आणि एकटेपणा हे विषय वारंवार येतात. परंतु जर्मनीत गेलेल्या भारतीय कुटुंबांचा दिनक्रम बारकाईने पाहिला, तर थंडीला अंग सरावते, जेवणाची सोयही लवकर लागते आणि खरी कसोटी लागते ती उंबरठ्याच्या आसपास, म्हणजे पत्रपेटी, जिना, कचऱ्याचे डबे आणि रविवारची दुपार यांच्याशी, असे दिसते. कचेरीत अनेकांचे इंग्रजीवर भागते आणि कामाची पद्धतही पुण्या-मुंबईतल्या बहुराष्ट्रीय कंपनीत आधीच अंगवळणी पडलेली असते. त्यामुळे नव्या देशाशी जुळवून घेण्याचा मोठा भार नोकरीच्या करारावर ज्याचे नाव आहे त्याच्यापेक्षा घर सांभाळणाऱ्या जोडीदारावर पडतो, आणि तो जोडीदार बहुतेक वेळा पत्नी असते.

जर्मनीत आज अडीच लाखांहून अधिक भारतीय नागरिक राहतात. त्यांपैकी नैर्ऋत्येकडील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, विशेषतः त्याची राजधानी असलेल्या श्टुटगार्टच्या परिसरात, राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मागे उद्योगांचा जुना संबंध आहे. टेल्को कंपनीने मालमोटारी बनवण्यासाठी डायम्लर-बेंझशी करार केला तो 1954 साली. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरे आहेत. 2015 मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यांनी भागीदारीचा करार केला. मर्सिडीजचा कारखाना चाकणला आणि बॉशचा नाशिकला असल्यामुळे तिथला अभियंता श्टुटगार्टला बदलीवर जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

तिथे पोहोचल्यावरचे पहिले काम म्हणजे ‘आनमेल्डुंग’, अर्थात राहत्या पत्त्याची नगरपालिकेच्या कचेरीत नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. या नोंदीनंतर करक्रमांक घरी टपालाने येतो, आणि बँकेतले खाते, पगार, मुलाचा शाळाप्रवेश अशा पुढच्या बहुतेक गोष्टी या नोंदीवर अवलंबून असतात. इमारतीतल्या सदनिकांना बहुधा क्रमांक नसतात, टपाल वाटले जाते ते पत्रपेटीवरच्या आणि दारघंटीवरच्या आडनावावरून. त्यामुळे पेटीवर नाव लावायला विसरलेल्या कुटुंबाची महत्त्वाची पत्रे परत जातात. नावाचा दुसरा गुंता खास महाराष्ट्रीय आहे. आपल्या पारपत्रात स्वतःच्या नावापुढचे वडिलांचे किंवा पतीचे नाव त्याच रकान्यात छापलेले असते, आणि जर्मन नोंदीत ते त्या व्यक्तीचेच आणखी एक पहिले नाव धरले जाते. परिणामी बँकेच्या कार्डापासून दवाखान्याच्या कागदापर्यंत सगळीकडे पत्नी स्वतःच्या नावाबरोबर नवऱ्याचेही नाव धारण करून वावरते आणि ते बदलून घेणे सोपे नसते.

पत्र हे या देशाचे बोलण्याचे माध्यम आहे. आरोग्यविमा, करकचेरी आणि दूरदर्शन-आकाशवाणीसाठी दर घरामागे घेतली जाणारी महिना 18.36 युरोंची वर्गणी (घरात दूरदर्शन संच नसला तरी ती भरावीच लागते) या सर्वांची पत्रे जर्मन भाषेत येतात आणि त्यांत उत्तराची मुदत दिलेली असते. भारतात अडलेले काम ओळखीने, फोन करून किंवा खिडकीशी उभे राहून मार्गी लावण्याची सवय असलेल्या माणसाला, न वाचलेल्या पत्राचा दंड निमूटपणे भरावा लागतो तेव्हाच, इथे माणसापेक्षा कागदाशी व्यवहार अधिक आहे हे पटते. ही व्यवस्था कोरडी वाटते खरी, पण नवख्या माणसावर तिचा एक उपकार आहे: ज्याची कोणाशीही ओळख नाही त्यालाही तिच्यात इतरांइतकाच हक्क मिळतो.

भाड्याचे घर मिळवताना ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे घर गरम ठेवणे, पाणी, कचरा यांच्या खर्चासह भाडे हा भेद समजून घ्यावा लागतो. अनामत रक्कम कायद्याने नुसत्या भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला असतो, हे नव्याने आलेल्या अनेकांना ठाऊक नसते. बरीच घरे स्वयंपाकाच्या ओट्याशिवाय मिळतात. शेगडी, भांडी धुण्याचे कुंड आणि कपाटे भाडेकरूने स्वतः आणायची.

या स्वयंपाकघरातच भारतीय राहणी आणि जर्मन इमारत यांची गाठ पडते. तिथल्या खिडक्या दुहेरी काचांच्या आणि घट्ट बंद होणाऱ्या असतात, जेणेकरून आतली ऊब बाहेर जाऊ नये. पण त्यामुळे कुकरची वाफ, उकळत्या डाळीची वाफ, अंघोळीचा दमटपणा आणि खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांतले पाणी हे सारे आतच कोंडते आणि बाहेरच्या बाजूच्या थंड भिंतीवर, विशेषतः कपाटामागच्या कोपऱ्यात, दव धरते. काही आठवड्यांत तिथे काळी बुरशी दिसू लागते. थंडीत दारे-खिडक्या लावून बसावे ही आपली साहजिक बुद्धी. उलट जर्मन रीत अशी, की बाहेर शून्य अंश तापमान असले तरी दिवसातून दोन-तीनदा तापक बंद करून सर्व खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडायच्या, म्हणजे दमट हवा जाते पण भिंती गार पडत नाहीत. भाडेकरूने ही काळजी घेतली नाही, तर घर सोडताना रंगकामाचा खर्च अनामत रकमेतून कापला जाण्याची वेळ येते. फोडणीचा वास जिन्यात उतरल्याची तक्रार शेजाऱ्यांकडून येते तेव्हा मन अधिक दुखावते, कारण तिथे प्रश्न बुरशीचा नसून स्वतःच्या अन्नाच्या मानाचा असतो.

श्टुटगार्ट ज्या श्वाबेन प्रदेशात येते तिथली ‘केअरवोखे’, म्हणजे झाडलोटीच्या आठवड्याची पाळी, ही नवागतांची मोठी शिकवणी असते. दारावर पाटी अडकवलेली दिसली, की त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून घेण्याचे काम त्या घराचे. मोठ्या पाळीत अंगण, पदपथ आणि हिवाळ्यात बर्फ काढणेही येते, आणि आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर जाते. नगरपालिकेने ही सक्ती 1988 मध्ये उठवली, तरी भाडेकरारांतून ती आजही टिकून आहे. जिना झाडण्यासाठी सोसायटीने माणूस ठेवलेला असतो अशा घरांतून आलेल्या सुशिक्षित मराठी माणसाला हातात फडके घेऊन शेजाऱ्यासमोर पायऱ्या पुसणे पहिल्यांदा जड जाते. मात्र शेजाऱ्याशी पहिले खरे बोलणे पुष्कळदा याच पायऱ्यांवर होते आणि पाळी न चुकवणाऱ्या कुटुंबाबद्दल वृद्ध शेजारणीचे मत बदलायला वेळ लागत नाही. श्रमाची लाज सोडायला लावणारी ही पाळी परदेशाने दिलेल्या चांगल्या गोष्टींत मोजली पाहिजे.

रविवारचे नियम याच जातीचे. रविवार हा विश्रांतीचा दिवस असल्याचे संरक्षण 1919 च्या वायमार राज्यघटनेतून आजच्या जर्मन मूलभूत कायद्यात आले आहे. त्यामुळे त्या दिवशी दुकाने बंद असतात, भिंतीला भोक पाडता येत नाही आणि रिकाम्या बाटल्या काचेच्या सार्वजनिक पेटीत टाकणेही वर्ज्य असते. शनिवारी संध्याकाळी दूध आणि भाजी आणायची राहिली, तर सोमवारपर्यंत घरात असेल त्यावर भागवावे लागते.

कोथिंबीर, भेंडी, मसूर आणि चपातीला चालेल अशी कणीक मिळते ती बहुधा तुर्की किंवा श्रीलंकेतल्या तमिळ दुकानदारांकडे. जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला आणि 1980 च्या दशकात यादवी युद्धामुळे श्रीलंकेतून तमिळ निर्वासित आले. आज मराठी स्वयंपाकघर ज्यांच्या दुकानांवर चालते त्या लोकांनी जर्मनीत जम बसवताना सोसलेले कष्ट संगणक अभियंत्याच्या वाट्याला आलेल्या कष्टांपेक्षा कितीतरी अधिक होते.

उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठी 2012 पासून दिल्या जाणाऱ्या ‘ब्लू कार्ड’ या निवासपरवान्यावर गेलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला भाषेच्या परीक्षेची अट नसते आणि नोकरीचीही मुभा असते. कागदावरची ही मुभा प्रत्यक्षात उतरायला मात्र फार वेळ लागतो, कारण दंतवैद्य, भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा शिक्षिका असलेल्या स्त्रीला पदवीला मान्यता मिळवावी लागते आणि त्यासाठी जर्मनवर चांगली पकड लागते. सरकारी एकात्मीकरण अभ्यासक्रमात साधारणपणे 600 तास भाषा आणि 100 तास देशाची ओळख शिकवली जाते. वर्गात शिकलेली प्रमाण जर्मन आणि बाजारात कानी पडणारी श्वाबी बोली यांतले अंतर पुन्हा वेगळेच. पतीच्या कंपनीने स्थलांतराच्या खर्चात पत्नीच्या भाषावर्गाचाही खर्च धरावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

मूल झाल्यावर आधाराची उणीव सर्वांत तीव्र भासते. एक वर्षावरील मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क 2013 पासून कायद्याने आहे, पण जागा अपुऱ्या आहेत. आणि जागा मिळाल्यावरही मूल रुळेपर्यंत काही आठवडे आई किंवा वडिलांनी सोबत बसायचे असते. आजी-आजोबांना पाहुण्यांचा व्हिसा 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा मिळतो, म्हणून बाळंतपणाला तीन महिने आई आणि पुढचे तीन महिने सासूबाई अशी आखणी अनेक घरांत होते.

जून 2024 पासून पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि त्यासाठी मूळ नागरिकत्व सोडण्याची अट जर्मनीने काढून टाकली आहे. भारताचा कायदा मात्र दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मन पारपत्र घेणाऱ्याला भारतीय पारपत्र परत करावे लागते आणि त्याऐवजी ‘ओसीआय’ हे परदेशस्थ भारतीयाचे ओळखपत्र घेता येते. त्यावर भारतात येता-राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, ती वारसाने मात्र मिळू शकते. म्हणूनच गावाकडे शेती असलेल्या काही घरांत पतीने जर्मन पारपत्र घ्यावे आणि पत्नीने भारतीयच ठेवावे, की दोघांनीही थांबावे, याचा विचार वर्षानुवर्षे चालू राहतो.