पूर वरून दिसतो, चिबड खालून येते



महालक्ष्मी एक्सप्रेस म्हणजे आपल्या भागाची गाडी. कल्याण-डोंबिवलीला नोकरीला असलेली आपली पोरं तिनेच ये-जा करतात. २७ जुलै २०१९ रोजी हीच गाडी बदलापूर-वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारभर उतारू बोटींनी बाहेर काढावे लागले. पुढे दोन आठवड्यांच्या आत सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली.

पावसाळा एकच, पण पूर ओसरल्यावरची हकीकत दोन्ही खोऱ्यांत निराळी आहे.

उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, कल्याण करीत ठाण्याच्या बाजूला खाडीला लागते. भरती पार कल्याणपर्यंत जाणवते. पूर आणि उधाण एकदम आले की पाणी तुंबते, ओहोटी लागली की उतरते. तिकडे मुरूम आणि कातळ वर असल्याने विहिरी श्रावणात काठोकाठ भरतात नि उन्हाळ्यात तळ दाखवतात. शिवाय पीक भाताचे. त्याला पायात पाणी लागतेच.

उसाचे तसे नाही. आपली जमीन काळी, खोल, उतार बेताचा. त्यात बारमाही पाणी, तेही पाटाने मोकाट! नदी चढली की काठच्या जमिनीतले पाणी नदीकडे जायचे थांबते आणि विहिरींची पातळी वर येते. पुराचे पाणी चार दिवसांत जाते, जमिनीच्या पोटातले मात्र दिवाळीपर्यंत हलत नाही. ज्या रानात पुराचा थेंब शिरला नाही तिथेही उपळ फुटतो तो यामुळे. मुळ्यांना हवा मिळत नाही, ऊस पिवळा पडतो, खोडवा फुटत नाही. पाणी उडून जाते, क्षार वर राहतात आणि चांगले रान चोपण होते. यावर नुसते जिप्सम टाकणारे सभासद आम्हाला दर हंगामात भेटतात. पाण्याला वाट नसेल तर ते पैसे मातीत गेले म्हणून समजा.

वाट म्हणजे चर, नाहीतर चार-पाच फुटांवर पुरलेले सच्छिद्र पाईप. शिरोळच्या श्री दत्त कारखान्याच्या कार्यक्षेत्रात या पद्धतीने क्षारपड राने पुन्हा उसाखाली आली आहेत. अडचण पाईपची नाही, माणसांची आहे. एकाच्या रानातले पाणी ओढ्याला न्यायचे तर चौघांचे बांध ओलांडावे लागतात, आणि बांध म्हटला की आपल्याकडे सख्खे भाऊ बोलत नाहीत!

दुसरी गोष्ट ठाण्याकडून शिकण्यासारखी. खाडीकाठच्या खारजमिनीच्या बांधाला उघाडी ठेवतात. भरतीच्या जोराने तिची दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. आपल्या चरीचे तोंड ओढ्यात उघडेच असते, म्हणून ओढा फुगला की तेच पाणी उलटे रानात येते. तोंडावर लोखंडी झडप बसवली तर हे टळते. गावच्या लोहाराकडेही होण्यासारखे काम आहे.

आडसाली लागणीआधी प्रत्येकाने विहिरीत काठापासून पाण्यापर्यंत दोरी सोडून माप घ्यावे, आणि मृगापासून दर पंधरवड्याला लिहून ठेवावे. पाऊस उघडल्यावरही पाणी पाच फुटांच्या आत राहिले, तर त्या रानात यंदा आडसाली धरू नये. फुले २६५ ही जात क्षारपड रानात इतरांपेक्षा तग धरते हे खरे, पण साचलेल्या पाण्यावर तो उतारा नव्हे. ज्यांच्या चरी एकाच ओढ्याला मिळतात त्या सभासदांनी गट ऑफिसात एकत्र यावे, एकेकट्याने नको. मोजणीला आम्ही येऊ, मात्र बांधावर सगळ्यांच्या सह्या आधी झालेल्या असाव्यात.