विश्लेषण : पेट्री डिशमधले वर्तुळ ‘आविष्कार’मध्ये परीक्षकांना का पुरत नाही?

विद्यापीठांच्या संशोधन महोत्सवात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पोस्टरवर एक छायाचित्र हमखास दिसते. पेट्री डिशमध्ये जिवाणूंचा दाट थर आणि त्यात एक स्वच्छ, गोल वर्तुळ. खाली निष्कर्ष असतो : हळद, तुळस किंवा कडुनिंबाच्या अर्काने जिवाणू मेले. परीक्षकांचे प्रश्न मात्र इथूनच सुरू होतात. या वर्तुळातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही?

‘आविष्कार’ काय आहे?

राज्यपाल हे राज्यातील विद्यापीठांचे कुलपती असतात. त्यांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ मध्ये ‘आविष्कार’ हा आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सव सुरू झाला. विद्यापीठ पातळीवर निवडलेले विद्यार्थी राज्यस्तरावर जातात. मानव्यविद्या, वाणिज्य, मूलभूत विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय असे सहा मुख्य गट असतात. सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रकल्प विषयानुसार यांपैकी वेगवेगळ्या गटांत बसू शकतो. मातीतल्या जिवाणूंचा अभ्यास मूलभूत विज्ञानात, पिकांसाठीचे जिवाणू खत कृषी गटात, तर औषधांना दाद न देणारे जिवाणू वैद्यकीय गटात. त्यामुळे समोरचा परीक्षक सूक्ष्मजीवशास्त्राचाच असेल असे नाही. काम सोप्या शब्दांत सांगता यावे लागते.

वर्तुळ कसे तयार होते?

प्रतिजैविकांच्या चाचणीची ही पद्धत ‘कर्बी-बाउअर’ नावाने ओळखली जाते. ती १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. म्युलर-हिंटन अगारवर जिवाणू एकसारखे पसरवतात. त्यावर औषध भिजवलेली सहा मिलिमीटर व्यासाची कागदी चकती ठेवतात. साधारण ३५ अंश सेल्सियसला १६ ते १८ तास ठेवल्यावर, औषध जिथवर परिणामकारक प्रमाणात पोहोचले तिथवर जिवाणू वाढत नाहीत. जिवाणूंची संख्या, अगारची जाडी (चार मिलिमीटर) आणि तापमान ठरलेले असते. यातले काही बदलले, तर वर्तुळाचा आकारही बदलू शकतो.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण द्रावकाची. वनस्पतीचा अर्क अनेकदा इथेनॉलमध्ये काढतात आणि इथेनॉल स्वतःच जिवाणू मारते. म्हणून त्याच प्लेटवर केवळ द्रावकाची चकती हवी. यालाच ‘निगेटिव्ह कंट्रोल’ म्हणतात. सोबत ओळखीच्या प्रतिजैविकाची चकतीही लागते, तो ‘पॉझिटिव्ह कंट्रोल’. हे दोन्ही नसतील, तर वर्तुळ अर्काचे की अल्कोहोलचे, हे सांगता येत नाही.

दुसरी अडचण तुलनेची. तेलकट किंवा मोठ्या रेणूंचे पदार्थ अगारमध्ये हळू पसरतात. त्यामुळे अर्काचे वर्तुळ १८ मिलिमीटर आणि प्रतिजैविकाचे १६, म्हणून अर्क सरस, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. त्यासाठी द्रव माध्यमात अर्क टप्प्याटप्प्याने विरळ करून, वाढ रोखणारे सर्वांत कमी प्रमाण (एमआयसी) काढावे लागते.

तिसरी अडचण शब्दांची. वाढ थांबणे म्हणजे मरणे नव्हे. वाढ थांबलेल्या नळीतला थेंब ताज्या माध्यमावर लावून पाहिल्याशिवाय ‘मेले’ असे लिहिता येत नाही.

जिवाणू कोणता, हे कसे ठरते?

ग्रॅम रंजन आणि जैवरासायनिक चाचण्यांवरून अंदाज येतो. अधिक खात्रीसाठी सुमारे १,५०० अक्षरांच्या ‘१६एस आरआरएनए’ जनुकाचा क्रम वाचतात. ही सोय प्रत्येक महाविद्यालयात नसते. अशा वेळी ‘ई. कोलाय एटीसीसी २५९२२’सारखा प्रमाणित जिवाणू वापरला, तर ओळखीचा प्रश्नच उरत नाही. काम संपल्यावर प्लेट १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या असतात.

छोट्या महाविद्यालयाला हे परवडेल का?

कंट्रोलसाठी काही चकत्या जास्त लागतात आणि प्रयोग किमान तीनदा करावा लागतो. यात खर्चापेक्षा वेळ अधिक जातो. त्यामुळे महागडे उपकरण नसतानाही पोस्टर भक्कम होऊ शकते. अर्काचा परिणाम दिसलाच नाही, तर तोही नोंदवण्याजोगा निष्कर्ष असतो.

एवढी काटेकोरता कशासाठी?

‘लॅन्सेट’मधील अभ्यासानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले. नव्या औषधांचा शोध त्यामुळे निकडीचा आहे. पण प्लेटवर चाललेला अर्क माणसाच्या शरीरात किती शोषला जाईल, किती विषारी ठरेल, हे वर्तुळ सांगत नाही. ‘तुळशीने जिवाणू मेले’ एवढेच वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, तर नुकसान रुग्णाचे होते. म्हणूनच ‘या प्रयोगातून काय सिद्ध होत नाही?’ या प्रश्नाचे उत्तरही विद्यार्थ्याकडे तयार हवे.